एरंडेलात मुरवलेलं वायसर
एरंडेलाचा वास आला की साठ सालच्या आसपासचं बंगळूर, कारखान्याचं क्वार्टर आणि आमची जुनी छऱ्याची बंदूक आठवते. तिच्या आतलं, हवेचा दाब धरणारं चामड्याचं वायसर इतकं झिजलं होतं की छर्रा अंगणातच गळून पडायचा, म्हणून तर शेजारच्या, मूळच्या बेळगावच्या अक्का पेरूवरच्या खारींना भिववायला ती बिनघोर मागून न्यायच्या. "ही मारत नाही," असं मीच त्यांना सांगितलं होतं. चाप ओढण्याआधी रोज हात जोडून म्हणायच्या, "क्षमिसप्पा," म्हणजे माफ कर रे बाबा. एका रविवारी यांनी जुन्या चपलेच्या चामड्यातून नवं वायसर कापलं, मी ते एरंडेलात मुरवलं, आणि यांनी बसवलं. सोमवारी अक्का आल्या तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "कोपऱ्यात आहे, घ्या," एवढंच म्हणाले; नव्या वायसरचं सांगायचं राहूनच गेलं. नेहमीचं "क्षमिसप्पा" ऐकू आलं, पाठोपाठ फट्! बाहेर येऊन बघते तर अक्का मातीत बसून मेलेल्या खारीच्या पाठीवरच्या रामाच्या बोटांवरून हात फिरवत होत्या. "ही मारत नाही म्हणालीस की गं?" त्यांनी विचारलं. मी पिठाचे हात पदराला पुसत राहिले. आता रोज गुडघ्यांना एरंडेल चोळताना तोंडून आपसूक निघतं, "क्षमिसप्पा." अक्कांनी माफी आधीच मागितली होती, राहिली होती ती माझी.