बाबांच्या दातांतलं शिसं

गेल्या मे महिन्यात विजयदुर्गला घरी गेले, तेव्हा माझी चार वर्षांची मेहनत पर्समध्ये होती. काचेच्या कुपीत चिमूटभर पांढरी पूड! पोचल्या पोचल्या बाबांना माजघरात ओढलं, खिडकी लावली आणि कुपीवर अतिनील टॉर्च मारला. पूड नारिंगी उजळली.

"आवशीचो घोव!" बाबा म्हणाले. मला काय आनंद झाला!

मग मी भाषणच ठोकलं. ह्या पदार्थांना पेरोव्हस्काइट म्हणतात. नावाजलेले आहेत ते शिशाचे, उजेड झकास, पण शिसं विषारी. ते काढून उजेड राखायचा, हे माझं काम. नुसती पूड मंदच असते, किंचित मँगेनीज मिसळलं की उजळते, जास्त झालं की पुन्हा मंदावते.

"म्हणजे सारातला मीठ," बाबा म्हणाले आणि पडवीत आपल्या कामाला गेले.

ते पाग दुरुस्त करत होते. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं. काठाला शिशाचा मणी लावला आणि जन्मभर करत आलेत तसा दातांनी कचकन दाबून मिटवला. पुढचे दोन गालात तयार होते.

"बाबा, थुका तां!" मी इतकी किंचाळले की शेजारचं कुत्रं उठलं.

त्यांनी मणी तळहातावर काढले. "म्हणजे ह्याच तां शिसा? आणि तुका चार वर्सा म्हायत होता?"

ते रागावले असते तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ते नुसतं विचारत होते. माझ्या प्रत्येक निबंधाचं पहिलं वाक्य 'शिसे विषारी आहे' असं. जगाला सांगितलं, बापाला नाही. दिव्याखाली अंधार! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"उद्या कणकवलीक जावन रक्त तपासून घेवया," मी म्हटलं.

"जावया. पण पाग आज पुरो होवक व्हयो. पकड हाड."

पकड आणून दिली. त्यांनी दाबली, मणी मिटेना. दोन्ही हातांनी दाबली, तरी नाही.

"दोन वर्सा झाली, हातात जोर नाय," ते ओशाळून हसले. "आता दातच कामाक येतत."

वय झालं, असं आम्ही सगळे म्हणत होतो. शिसं अंगात भिनलं की हातांतला जोर जातो, हे मला सुचलंच नव्हतं.

उरलेले मणी मी मिटवले. मग लहानपणी ते माझे धुवायचे तसे त्यांचे हात साबणाने धुतले. पेरांतला काळेपणा जाईना, तरी मी धुतच राहिले.