द्वारकाबाईला आलेला वास

सणसर गावात द्वारकाबाईच्या नाकाला मान होता. दूध नासायला लागलंय हे तिला पातेल्यावरचं झाकण काढायच्या आधी कळायचं. लग्नाकार्यात आचारी मांडवामागं फोडणी घालायचा आणि ही पंगतीच्या पार त्या टोकाला पत्रावळ्या मांडता मांडता म्हणायची, "जाळली मेल्यानं मोहरी." सासू होती तोवर लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडायला हिलाच हाक मारायची. सुनेचं एवढं एकच कौतुक त्या बाईनं जन्मात केलं.

विद्यापीठाच्या मेसमध्ये लागायच्या आधी ती भिगवणला हायवेच्या एका खानावळीत मासे साफ करायला होती. तिथं एकदा गॅस गळत होता. तळणीवरच्या बाईनं काडी ओढली आणि मानेपासून कोपरापर्यंत भाजून निघाली. मालक म्हणाला, बाईच बावळट. वास द्वारकाबाईला आधीच आला होता, पण तेव्हा ती नवी होती, बोलली नाही. त्या बाईचं नाव आता तिथं कुणाला आठवत नसेल. द्वारकाबाईला आठवतं, पण ती ते तोंडावर आणत नाही.

मग माळावर विद्यापीठ झालं आणि ती मुलांच्या मेसमध्ये स्वयंपाकाला लागली. तिथं तिनं अकरा वर्षं काढली. मेसमधल्या सहा बाया विद्यापीठाच्या नव्हेत, ठेकेदाराच्या. शिधा विद्यापीठाचा, शेगड्या विद्यापीठाच्या, जेवणारी पोरं विद्यापीठाची, घाम तेवढा ठेकेदाराचा. त्यामुळं कर्मचाऱ्यांचं म्हणून जे काही निघायचं, सहल असो की डोळ्यांची तपासणी, त्यात यांची नावं नसायची. पण गेल्या वर्षी आरोग्य आणि सुरक्षिततेची कार्यशाळा भरली आणि मेसचे मॅनेजर विजयसिंह साहेब स्वतः सांगायला आले, "सगळ्या मावश्यांनी चांगली लुगडी नेसून हॉलमध्ये यायचं." प्राध्यापक लोकांनी नावं दिली होती आणि आले नव्हते. खुर्च्या भरायच्या होत्या. हॉलला एसी होता, बाया पदर घट्ट ओढून बसल्या.

शिकवायला पुण्याहून सोनल मॅडम आल्या होत्या. पोरगी गोड होती, मनानं चांगली होती, हे आधी सांगायला हवं. अर्धा दिवस तिनं ताणतणावावर सांगितलं. श्वास मोजायला लावला, हसायला लावलं. दुपारी कामातून वीस मिनिटं डोळे मिटून शांत बसत जा, म्हणाली. बायांना वाटलं, हसायचं अजून चाललंय, म्हणून त्या परत हसल्या.

जेवणानंतर सुरक्षितता आली आणि द्वारकाबाई खुर्चीच्या कडेवर सरकली. गॅसचा वास आला तर काडी ओढायची नाही. लाईटचं बटणसुद्धा दाबायचं नाही. गॅसच्या टाकीचा खटका बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. मॅडमनी विचारलं, "हे करून कोण दाखवतं?" आणि द्वारकाबाई उठली. तिला कुणी ढकललं नव्हतं. स्टेजवर जाऊन तिनं सगळं क्रमानं करून दाखवलं.

"आणि मावशी, साहेब ओरडले तर? काम खोळंबलं म्हणाले तर?"

"तरी न्हाय पेटवायचा."

"शाब्बास! हा तुमचा हक्क आहे, लक्षात ठेवा."

टाळ्या झाल्या. सगळ्यांत मोठ्यानं विजयसिंह साहेबांनी वाजवल्या. घरी जाताना जीपमध्ये दगडाबाई म्हणाली, "द्वारके, तू तर मास्तरीणच झालीस की गं." दगडाबाई तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. अकरा वर्षं दोघी एका परातीत कणीक मळत आल्या होत्या. एकीच्या घरचं भांडण दुसरीला आधी कळायचं.

तीन आठवड्यांनी विद्यापीठ तपासायला बाहेरून समिती आली. समितीला गावरान जेवण हवं होतं. विजयसिंह साहेबांनी कुलगुरूंना मासवडी, रस्सा आणि ज्वारीची भाकरी कबूल केली होती. सकाळी सातला बाया आल्या. शेगड्या पेटायच्या होत्या. दगडाबाई मोरीपाशी पातेली विसळत होती. ती थांबली, नाक वर करून म्हणाली, "द्वारके, वास येतोय का गं?"

म्हणजे पहिल्यांदा ती म्हणाली. हे नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढं ते कुणीच ठेवलं नाही.

द्वारकाबाई तीन नंबरच्या शेगडीपाशी वाकली. रबरी पाईप जिथं बसवला होता तिथं वास दाट होता. ती ओरडली नाही. मागच्या जाळीत जाऊन टाक्यांचा खटका फिरवला, खिडक्या उघडल्या, लाईटपाशी गेलेल्या बाईचा हात धरून तिला मागं ओढली आणि सगळ्यांना अंगणात काढलं. मग स्वतः मेसच्या उंबऱ्यात बसली. विजयसिंह साहेब पावणेआठला आले.

"हे काय? चुली का थंड?"

"वास येतोय साहेब. पाईप गळतोय."

"खिडक्या उघड्यात ना? मग गेला वास. पेटवा."

"न्हाय साहेब. मॅडमनी सांगितलंय."

"मॅडम पुण्याला गेल्या! समिती हितं हाय!" साहेब चिडले की सुटाबुटातून गाव बाहेर यायचं. "उठा मावशी, नाटकं नकोत."

"गॅसवाल्याला बोलवा. त्यानं बघितलं की लगेच पेटवती. दीड तासात मासवड्या थापून देती."

"आणि न्हाय बोलावलं तर?"

"तर मी हितंच बसती."

साहेबांनी बाकीच्या बायांकडं पाहिलं. त्या द्वारकाबाईला ओलांडून आत जाईनात. साहेबांनी आधी बारामतीच्या हॉटेलला फोन केला आणि मग गॅसवाल्याला. गॅसवाला गेणू इंदापूरहून मोटरसायकलवर अकराला आला. त्यानं पाईपाला साबणाचं पाणी लावलं, तसे बुडबुडे फुगले. "मायला, चांगलीच चीर गेलीय," एवढंच बोलला. नवा पाईप बसवला आणि जुना आपल्या पिशवीत टाकून गेला. समितीनं पनीर खाल्लं. अध्यक्ष हसत म्हणाले, "गावरान जेवण कुठं दिसेना?" कुलगुरूंनी विजयसिंहांकडं नुसतं पाहिलं. ते पाहणं विजयसिंहांना लागलं.

तिसऱ्या दिवशी सहाही बायांना ऑफिसात बोलावलं. विजयसिंह होते आणि वरच्या ऑफिसचे एक चष्मेवाले साहेब होते. टेबलावर एक कागद होता. पाईप वेळच्या वेळी बदलले जातात, हा मागच्याच आठवड्यात बदलला, असं त्या कागदावर होतं. गेणूचं काम विद्यापीठाकडून चालायचं, त्याला कुणी बोलावलं नाही आणि तोही आपणहून आला नाही.

चष्मेवाल्यांनी विचारलं, "वास कुणाकुणाला आला?"

चार बायांनी जमिनीकडं पाहिलं. द्वारकाबाईनं दगडाबाईकडं पाहिलं.

दगडाबाई म्हणाली, "मला सर्दी हाय, साहेब. आठ दिस झालं. नाकाला काय कळतंय?"

खोलीत पंखा फिरत होता. "हिनंच तर..." एवढं द्वारकाबाईच्या ओठापर्यंत आलं. पण दगडाबाई पदराच्या टोकानं नाक पुसत होती, कोरडं नाक, आणि ते पाहून द्वारकाबाईला शिसारी आली. तिनं मैत्रिणीला वाचवलं असं कुणी सांगेल, पण तसं काही नव्हतं. त्या तोंडातून बळानं काही काढून घ्यायची तिला इच्छाच उरली नाही.

"मला आला. एकटीला," ती म्हणाली.

मग साहेब लोक फार गोड बोलायला लागले. चष्मेवाले म्हणाले, मावशी, तुमची चूक नाही, ताणामुळं असं होतं. कार्यशाळेत सांगितलंय ना? दुसरा कागद पुढं आला. कामाच्या ताणामुळं मला वासाचा भास झाला, वास नव्हता, मला विश्रांतीची गरज आहे. सही केली की पंधरा दिवस घरी आराम आणि सोळाव्या दिवशी कामावर. सही नाही तर ठेकेदार दुसरी बाई बघेल. मॅडमनी बायांच्या भल्यासाठी शिकवलेले शब्दच त्यात होते, फक्त ते द्वारकाबाईच्या तोंडात घातले होते.

ती विचार करून सांगते म्हणाली आणि कागद घेऊन घरी आली. नवऱ्यानं, रामहरीनं, कागद दोनदा वाचला. "कर की सही. भास तर भास. त्यानं काय अंगाला भोकं पडत्यात का?"

"मला वास आला व्हता."

"अगं, पण दुसऱ्या कुणालाच आला न्हाय म्हणतेत."

हे रामहरी सहज बोलला. पण त्या दिवसापासून ती सकाळी उठून तेच आठवायला लागली. मोरी, पातेली, तीन नंबरची शेगडी. पाईपाची चीर तिनं जवळून पाहिली नव्हती, बुडबुडे लांबून पाहिले होते. तिनं सोनल मॅडमना फोन लावला, नंबर कार्यशाळेतल्या कागदावर होता. मॅडम सोलापुरात दुसऱ्या कार्यशाळेत होत्या. "मावशी, तुमच्या भावना मला कळतात," मॅडम म्हणाल्या. "आधी एक दीर्घ श्वास घ्या बरं." द्वारकाबाईनं खरंच घेतला. तोवर मॅडमना कुणीतरी हाक मारली.

आठव्या दिवशी दुपारी दगडाबाई आली. येताना पावशेर शेव आणली होती.

"साहेब म्हणत्यात शनिवारपत्तुर सही दे. जागा तशीच ठिवलीय."

"छकुलीचं काय झालं?" द्वारकाबाईनं विचारलं. छकुली म्हणजे दगडाबाईची नात, बारावी झालेली.

"साहेब लायब्ररीत कामाला घ्यायचं म्हणत्यात." दगडाबाईनं भिंतीकडं पाहिलं. "अजून पक्कं न्हाय."

"बरं झालं." द्वारकाबाईला खरोखर बरं वाटलं. कारण कळलं की माणसावरचा राग जरा सैल होतो. ती जवळ सरकली. "दगडाक्का, हितं कोण न्हाय. हे रानात गेल्यात, सूनबाई बाजाराला गेलीय. मी कुणाला सांगायची न्हाय, माझ्या लेकरांची आण. तू एकदाच म्हण, वास आला व्हता. निस्तं मला म्हण. मग मी भास लिवलेल्या कागदावर सही करती, उद्या तुझ्यासंगं कामाला येती."

दगडाबाईनं तिच्याकडं पाहिलं. कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केल्यासारखं केलं, की केलाच, देव जाणे.

"मला खरंच आठवत न्हाय गं, द्वारके."

"तू मोरीपाशी व्हतीस. तूच मला..."

"न्हाय आठवत, बाई. सर्दी व्हती मला." आणि मग मऊ आवाजात, गुडघ्यावर हात ठेवून, "तू लई मनाला लावून घेतलंस. जरा आराम कर. मॅडम सांगत व्हत्या तसं डोळं मिटून बसत जा."

ती खोटं बोलत असती तर द्वारकाबाईला भांडता आलं असतं. पण दगडाबाईनं ती सकाळ पातेल्यासारखी आतून बाहेरून घासून टाकली होती, स्वतःसाठीसुद्धा खरकटं ठेवलं नव्हतं.

"चहा घे," द्वारकाबाई म्हणाली. दगडाबाईनं घेतला. दोघी शेतातल्या खुरपणीबद्दल बोलल्या. नंतर कधी त्या एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत.

शनिवारी सही गेली नाही. मेसमध्ये दुसरी बाई लागली. द्वारकाबाई आता गावातल्या बायांबरोबर भाजी काढायला जाते. मेथीच्या जुड्या बांधते, कुणाशी फार बोलत नाही. गावात म्हणतात, बाई हेकट. काही म्हणतात, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, विद्यापीठानंच लिहून दिलंय तसं.

घरी सकाळी चहाला गॅस पेटवायच्या आधी ती ओट्याशी वाकते. वास घेते. उभी राहते, परत वाकते. पूर्वी एका श्वासात कळायचं, आता कळत नाही. मग काडी हातात धरून सुनेला हाक मारते, "मनिषा, जरा बघ गं, वास येतोय का?"

मनिषा दाराबाहेर केस विंचरत असते. रोजचंच झालंय. ती तिथनंच म्हणते, "न्हाय ओ आत्या, न्हाय येत. पेटवा तुमी."