वरून सुकलेली जखम

अर्धापूरच्या केळीच्या बागांत रुक्मिणबाईंनी उभी हयात घड वाहिले. यंदा उन्हाळ्यात कोयता निसटून त्यांच्या पायावर पडला. साखरेच्या आजारानं पाय बधिर. चपलेत रक्त दिसलं तेव्हाच लागल्याचं कळलं. घरच्या मलमपट्टीनं महिनाभरात जखम वरून कोरडी दिसायला लागली. पण मुलगी शिवकन्या ऐकेना. तिनं त्यांना नांदेडच्या दवाखान्यात नेलंच.

तिला धास्ती होती ती बापामुळं. दोन वर्षांमागं त्याच्या, देविदासच्या, पायात काटा मोडला. जखम सुकली, मग अचानक पाय काळा पडला. मांडीपासून कापला, तरी माणूस गेला. त्याआधी तो सारखा म्हणायचा, "आतून जळून राहिलंय गं." रुक्मिणबाई पट्टी सोडून बघायच्या, वर काहीच दिसायचं नाही. देविदासचा धाकटा भाऊ शेषेराव म्हणायचा, "जखम तर सुकली. उगं नाटकं करतो."

दवाखान्यातल्या डॉक्टर उज्ज्वलानं स्वतःच्या डोक्याला पट्टा बांधला. त्याला चष्म्यासारखी भिंगं आणि एक जांभळा दिवा होता.

"मावशी, खोलीत अंधार करते. घाबरू नका. मला जे दिसेल ते तुम्हालाही समोरच्या पडद्यावर दिसेल."

अंधार झाला. जांभळ्या उजेडात रुक्मिणबाईंचा पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा वाटला. आणि जखमेच्या कडेनं लाल ठिपके पेटले, राखेवर फुंकर मारल्यावर निखारे दिसावेत तसे.

"हे काय हाय?"

"जंतू. या उजेडात काही जंतू असे लाल चमकतात. सगळेच दिसत नाहीत, पण इथं भरपूर आहेत."

"मला तर काईच दुखत न्हाई." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "ज्याला जळत व्हतं, त्याच्या पायात बी असंच दिसलं असतं का?"

डॉक्टरनं शिवकन्याकडं पाहिलं. "बापूंचं म्हणतीय माय," ती म्हणाली.

"त्यांचा पाय मी पाहिलेला नाही, मावशी. आता सांगता यायचं नाही."

जखम खरवडून साफ केली, औषधं सुरू झाली. दर खेपेला पडद्यावरचा लाल रंग कमी होत गेला. श्रावण लागता लागता पाय बरा झाला.

रुक्मिणबाई पुन्हा कामाला जाऊ लागल्या. पण बागेत दाट सावलीत शिरलं की पानांच्या आडून देविदासचा आवाज यायचा. नवं काही नाही, तेच, जळून राहिलंय. डोळे मिटले की ते ठिपके. एकदा घड खांद्यावर घेताना त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हाव, खरंच जळत व्हतं तुमाला." बरोबरच्या बायका मागं सरल्या. त्या दिवसापासून त्यांच्या शेजारची सरी कुणी धरेना.

पितृपक्षात देविदासचं पान वाढायला शेषेराव आला. तेव्हा रुक्मिणबाईंनी त्याला सगळं सांगितलं.

"आता मेल्यावर काय करायचं वहिनी?"

"काई न्हाई, भावजी. त्यायला नाटकी म्हनले व्हते, तेवढं माघारी घ्या."

शेषेराव उठला. पान उचलून बाहेर पत्र्यावर ठेवायला गेला. कावळा बराच वेळ आला नाही. "दादा, चुकलं माझं," तो म्हणाला, ते आत ऐकू आलं. तरी कावळा आला नाही. शेषेराव उन्हात तसाच उभा राहिला, आणि त्याला आत बोलवायला रुक्मिणबाई गेल्या नाहीत.