पर्सी बॉयकिनची जाहीर माफी

माझा मेहुणा पर्सी बॉयकिन पोर्टस्मथच्या गोदीत जहाजं रंगवायचा आणि शनिवारी ‘टाइडलाइट्स’ नावाच्या गाणाऱ्यांच्या गटात खर्जात गायचा. सोल संगीत गाणाऱ्या चौघांत खर्जवाल्याने मागे उभं राहून ‘हूं हूं’ करायचं, एवढंच काम. पर्सीला एकदा तरी पुढे यायचं होतं. अकरा वर्षं झुरत होता. गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

सदुसष्ट साली मुख्य गायक कॉर्नेल रिडिकने एक गाणं बांधलं. मध्येच गाणं थांबतं आणि नवरा साध्या बोलीत बायकोची माफी मागतो. त्याला जाड आवाज हवा, म्हणून पर्सी पुढे आला. निळा कोट, हात छातीवर.

“राणी, चुकलो मी.”

तिसऱ्या रांगेतून पर्सीची बायको, म्हणजे माझी धाकटी बहीण विल्हेल्मिना, आमची विली, म्हणाली, “कुठल्या दिवसाबद्दल बोलतोयस?”

यात तिचं काही चुकलं नाही. आमच्या चर्चमध्ये पाद्र्याचं वाक्य संपलं की बाकांवरून उत्तर जातंच. गप्प बसणं हा उद्धटपणा.

“रात्रभर तुझीच आठवण येत होती.”

“मग घरचा रस्ता तेवढा आठवला नाही?”

“सांग गं बाई, सांग त्याला!” सगळ्या बायका ओरडल्या.

पुढे लोक त्यासाठीच येऊ लागले. दर शनिवारी विलीचं उत्तर नवं. पर्सीही प्रत्येक वाक्यानंतर थांबायला शिकला.

मग रिचमंडला रेकॉर्ड काढायचं ठरलं. कंपनीचे टन्स्टॉलसाहेब म्हणाले, बायका आणायच्या नाहीत. पर्सी एक वाक्य बोलला आणि थांबला, विलीला लागतो तेवढाच वेळ. पाच वाक्यं, पाच रिकाम्या जागा. स्टुडिओची वेळ संपली होती, तसंच छापलं.

आमच्या गावात ते धडाक्यात चाललं. रेडिओवर लागलं की केस करायला बसलेल्या बायका डोक्यावर चिमटे घेऊन त्या जागांत आपापल्या नवऱ्यांना फैलावर घ्यायच्या. बाहेरगावच्या दुकानांनी मात्र सगळ्या रेकॉर्डी परत धाडल्या: माल खराब, मध्येच बंद पडतो.

टन्स्टॉलसाहेब पर्सीच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. “एकदा सलग बोल. मग फिलाडेल्फिया, शिकागो. गोदी सोड.”

मी शाळेतलं शर्यतीचं घड्याळ धरून बसले. विली मासे तळत होती. त्याच्या भल्यासाठी ओठ घट्ट मिटून. पर्सी पहिलं वाक्य बोलायचा आणि तिच्याकडे बघत थांबायचा.

“अरे, भिंतीकडे बघ, भिंतीकडे!” कॉर्नेल ओरडला.

भिंतीकडे बघून पाचही वाक्यं एकोणीस सेकंदांत झाली.

“जमलं रे गाढवा!” कॉर्नेलने त्याला मिठीच मारली.

पर्सी वळला. “विली, कसं वाटलं?”

“छान. माफी मागतोयस असं नाही वाटलं. हजेरी वाचतोयस असं वाटलं.”

पर्सी टन्स्टॉलसाहेबांसमोर जाऊन बसला. “साहेब, हिचंही तिकीट काढा.”

“छे! गाणारे चौघं, तिकिटं चार.”

“मग राहू दे.”

मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं, आणि आजही शब्द मागे घेत नाही. कॉर्नेल तीन आठवडे त्याच्याशी बोलला नाही. पण खर्जाशिवाय गाणं उभं राहीना. चौथ्या शनिवारी तो दारात आला.

“कोट घाल, पर्सी. आणि वहिनींना सांग, आज जरा सौम्य घ्या.”

आतून विली म्हणाली, “आठवडाभर कसा वागलाय ते आठवते आधी.”