एसेनगुलचा काळा धूर

आमच्या शाळेची भट्टी सांभाळणाऱ्या एसेनगुलला कुणी भट्टीवाला म्हटलेलं खपत नसे. "मी ऊन सोडवतो," म्हणायचा. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेलं ऊन, हे त्याने कुठूनसं ऐकलं आणि तेव्हापासून तो फावडं घेऊन प्राध्यापकासारखा चालू लागला.

गावात त्याला मान होता. आमच्या नारिनकडे, या गोठवणाऱ्या डोंगराळ मुलखात, भट्टीवाल्याची लायकी धुरावरून ठरते. धुराडं जितकं काळं ओकेल, तितका माणूस कष्टाळू. एसेनगुलचा धूर तर समोरचा डोंगर झाकायचा. वर्गात मात्र थंडीने खडू धरायला बोटं वळत नसत. गडी भट्टीच्या तोंडापर्यंत कोळसा कोंबायचा. खालची जाळी राखेने बुजलेली, वाऱ्याला वाट नाही. बराच कोळसा न जळताच धुराड्यातून निसटायचा. ज्या आकाशातून ते ऊन आलं, तिकडेच हा पठ्ठ्या ते परत पाठवत होता.

जानेवारीत मुख्याध्यापिका बुरुलताईंनी बजावलं, "शुक्रवारी वर्गात अठरा अंश दिसले नाहीत, तर फावडं दुसऱ्याच्या हाती."

एसेनगुलने आणखी कोळसा कोंबला. धूर वाढला. पारा अकरावरच.

शुक्रवारी पहाटे त्याची बायको जिपार भट्टीपाशी आली. शाळेची झाडलोट तिच्याकडे.

"सरका, प्राध्यापक. घरची चूल रोज मी पेटवते, ती काय माझ्या प्रेमापोटी पेटते?"

तिने सळईने राख पाडली, खालचं दार उघडलं, कोळसा पातळ पसरला. जाळ पिवळाधमक होऊन घोंघावू लागला. धुराड्यावर नुसती हवा थरथरत होती.

"अगं, धूर गेला! नोकरी गेली माझी!"

आठ वाजता दोन बापांनी धुराड्याकडे पाहून, भट्टी विझली समजून, पोरं माघारी नेली. बुरुलताई तणतणत आल्या. "मेल्या, झोपलास काय? गावभर बोंब..." बोलता बोलता त्यांनी टोपी काढली. मग कोट. मग तापमापी पाहिली. एकोणीस.

"कसं रे जमवलंस?"

"ऊन सोडवलं," एसेनगुल म्हणाला. जिपारने हातातली सळई भिंतीला टेकवली.

नोकरी टिकली. पण गावाची खात्री धुराशिवाय पटेना, म्हणून आता रोज आठच्या ठोक्याला एसेनगुल फावडंभर कोळशाची भुकटी आत टाकतो. लोक रस्त्यात थांबून माना डोलावतात, "काय राबतो बिचारा!"

जाळ जिपारचा. धूर तेवढा त्याचा.