सव्वासात फुटांचं दार

तुमसरची एसटी सुटायला दहा मिनिटं उरली होती आणि बाबा नाकाडोंगरीच्या स्टँडवर मला उभं करून माझं माप घेत होते. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. पानठेल्यावरचे चार जण मान वर करून पाहत होते. मी सतरा वर्षांचा, सहा फूट साडेतीन इंच उंच आणि लाजेनं निम्मा झालेला. माप आदल्या दिवशी घरी घेऊन झालं होतं, पण सकाळी बाबांना शंका आली.

"काल वाकून उभा होता तू. वाकून माप देशील तं पँट आखूड होते. ताठ उभा राय."

मी ताठ उभा राहिलो. कमरेपासून टाचेपर्यंत टेप धरत बाबा खाली बसले, "पंचेचाळीस" म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. आई लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा डबा घेऊन उभी होती. ती रडत नव्हती, कंडक्टरशी भांडत होती. "लंबा आहे पोट्टा, मांगच्या शीटवर बसवू नका, डोकं आपटते त्याचं." गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून हात केला. बाबांनी हात केला नाही. त्यांनी दोन्ही खांदे मागे ओढून दाखवले, कारण बसल्याबसल्या मी पुन्हा वाकलो होतो.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे ट्रंक उचलून निघालेल्यांनो, तुम्हा दोघांनाही हे लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. तो शेवटी सांगतो. आधी या वाकण्याचं सांगू दे.

आमचं जुनं घर मातीचं आणि त्याचं दार जेमतेम पाच फुटांचं. गावातली बहुतेक दारं तशीच. दहावीत जाईपर्यंत माझ्या कपाळावर कायम एक टेंगूळ असायचं. शाळेत पोट्टे उंट म्हणायचे. उंच माणसाला लहान व्हायचं असेल तर एकच उपाय असतो, तो मी शिकून घेतला: खांदे पुढे, मान खाली. बाबांना ते बिलकूल खपत नव्हतं. त्यांचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या अंगणात कमरेत वाकून उभे राहिले होते. त्याबद्दल बाबा कधी फार बोलले नाहीत. घरापुढच्या सपरीत त्यांची शिलाई मशीन असायची, खाणीतल्या कामगारांचे खाकी कपडे ते शिवायचे. समोरून मी वाकून गेलो की पायडल थांबायचं. "ताठ चाल ना बे!" एवढंच.

बास्केटबॉल मला खाणीच्या कॉलनीत भेटला. मॅंगनीजच्या काळ्या धुळीत एक सिमेंटचं मैदान, दोन रिंगा, त्यातल्या एकीला जाळी नाही. आमचे पीटीचे रामटेके सर मला तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "उडी मारू नको, नुसता हात वर कर." मी हात वर केला आणि समोरच्या पोराचा बॉल अडला. त्यानं पुन्हा टाकला, पुन्हा अडला. जन्मात पहिल्यांदा ही उंची काही कामाला आली होती. मला इतका आनंद झाला की घरी पळत जाताना मी दाराचं भान विसरलो आणि कपाळ फोडून घेतलं.

त्याच सुमारास गोंदिया वेगळा झाला आणि भंडाऱ्याच्या टीममधले निम्मे खेळाडू एका फटक्यात दुसऱ्या जिल्ह्याचे झाले. लोक जिल्हा तुटला म्हणून हळहळत होते, मी टीममध्ये शिरत होतो. जिल्ह्यातून विभागात गेलो, विभागातून पुण्याच्या वसतिगृहात निवड झाली, आणि मग ती स्टँडवरची सकाळ.

मी मोठा खेळाडू झालो नाही, हे आधीच सांगून टाकतो, उगीच कोणी माझं नाव शोधत बसू नका. मी बदली सेंटर होतो, रिंगेखाली उभा राहणारा. मुख्य सेंटरला तीन फाउल झाले की कोच बेंचकडे बघायचा आणि मी वॉर्मअप काढायचो. आठ-दहा मिनिटं धक्के खायचे, चार रिबाउंड काढायचे, परत टॉवेल घेऊन बसायचं. आपल्याकडे कंपन्यांच्या, सरकारी खात्यांच्या टीमा असे खेळाडू कंत्राटावर ठेवतात. यंदा खेळ, पुढच्या वर्षी पर्मनंट करू, असं प्रत्येक टीमचा मॅनेजर म्हणतो. त्या एका शब्दाच्या मागे मी चेन्नईत तीन वर्षं काढली, लुधियान्यात दोन, भावनगरला एक सीझन, परत चेन्नई, मग इंदूर. तमिळमध्ये शिव्या शिकलो, पंजाबीत जेवण मागायला शिकलो. सगळ्या गावांत माझ्या खोलीतली खाट सारखीच असायची, एक फूट आखूड. पाय बाहेर काढून झोपताना मला सपरीतला आवाज आठवायचा, पायडलचा. घराची आठवण येते हे मोठ्या माणसानं कबूल करायचं नसतं म्हणे. मला यायची. रोज यायची.

माझ्या मापाची पँट दुकानात मिळत नाही. म्हणून दरवर्षी बाबा दोन पँटी शिवून पार्सल करायचे. त्याआधी फोन यायचा.

"लांबी?"

"पंचेचाळीस."

"कंबर?"

"एक इंच वाढली."

"भात जास्त हानून राहिला वाटते."

पार्सल उघडलं की पँटीच्या घडीत आईनं लपवलेले पोपटाच्या शेंगांचे वाळलेले दाणे निघायचे आणि सगळ्या खोलीला गावाचा वास लागायचा. फोन ठेवताना बाबांचा प्रश्न ठरलेला. "यंदा मंडईले येशील ना?"

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा खेळ होतो, नाटक होतं, लेकी माहेरी येतात, आणि बाहेर गेलेला माणूस कुठेही असो, गावच्या मंडईला येतो. जो येत नाही त्याची घरोघरी चौकशी होते. सुरुवातीला मी जायचो. पुढे प्रत्येक जण एकच विचारायला लागला, "झाला का पर्मनंट?" मग मी कॅम्प आहे म्हणून सांगायला लागलो. कॅम्प खरंच असायचा, पण दोन दिवसांची सुट्टी मागितली तर मिळत होती. मी मागितली नाही. पर्मनंट झालो की ताठ मानेनं जाईन, असं स्वतःला सांगत सहा मंडया हुकवल्या.

आता एका खोट्याचं सांगतो. लुधियान्यात असताना टीमच्या पुस्तिकेत मॅनेजरनं माझी उंची सहा फूट सहा इंच छापली. सगळेच वाढवून छापतात, समोरच्या टीमला धाक बसावा म्हणून. मी काही बोललो नाही. ती पुस्तिका फिरत फिरत नागपूरच्या एका पेपरवाल्याच्या हाती लागली आणि फोटोसकट बातमी आली, भंडाऱ्याचा सहा फूट सहा इंची खेळाडू. बाबांनी फोनवर अख्खी बातमी वाचून दाखवली. "सहा-सहा लिवलं आहे," म्हणाले आणि जरा थांबले. मी सांगू शकलो असतो. मी म्हटलं, "हो बाबा."

पुढच्याच वर्षी आमचं घरकुल मंजूर झालं. जुनं मातीचं घर पाडून विटांचं बांधायला घेतलं, आणि बाबांनी दार सव्वासात फुटांचं ठेवलं. पेपरातली उंची, वर एक वीत. मिस्त्री भांडला, सुतार हसला. आईनं फोनवर तक्रार केली. "अरे काय सांगू तुले, घर येवढुसं अन् दार गोदामासारखं! लोक विचारतेत, हत्ती बांधता का म्हणून. पाणी आत येते, वारा आत येते. तुहा बाप आयकतच नाही." दाराच्या फळ्या वरपर्यंत पुरल्याच नव्हत्या, शेवटी तिनं खाकी कापडाच्या तुकड्यांचा पडदा शिवून वरच्या फटीला लावला.

मला हसू आलं नाही. एका मॅनेजरनं धाक दाखवायला मारलेली थाप, ती मी खपवून घेतली, आणि पाच फूट दोन इंचांचा माझा बाप त्या थापेच्या मापाचं दार लावून बसला होता. सगळं गाव त्याला हसत होतं. प्रत्येक फोनला ठरवायचो, आज सांगून टाकू. तिकडून बाबा विचारायचे, "दार पाहाले कधी येशील?" आणि मी कॅम्पचं कारण सांगायचो.

इंदूरला गुडघा गेला. वय बत्तीस. उडी मारून खाली आलो आणि आत काहीतरी फाटल्याचा आवाज मीच ऐकला. ऑपरेशन झालं, तीन महिने गेले, आणि मॅनेजरनं चहा पाजून सांगितलं, "देख भाई, अब मुश्किल है." पंधरा वर्षांत मला कोणी इतक्या प्रेमानं चहा पाजला नव्हता. किट परत केलं. बॅगेत चार पँटी, दोन बूट आणि गुडघ्याचा पट्टा. आता जायला एकच ठिकाण होतं आणि नेमकं तिथेच तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

गावात उतरलो तो मंडईचाच दिवस निघाला. ठरवून नव्हे, मला तारखेचं भानच नव्हतं. भोंगे वाजत होते, रस्ताभर माणसं. मी मागच्या गल्लीनं, भिंतीच्या कडेकडेनं लंगडत घराकडे गेलो. भरदुपारी चोरासारखा. आणि ते दार दिसलं. फोनवर ऐकलं होतं त्याहून मोठं, निळ्या रंगाचं, उघडं. आईचा पडदा बाजूला सारलेला. आत बाबा मशीनवर बसलेले. मी पायरी चढलो, आणि काय सांगू तुम्हाला, डोक्यावर जवळजवळ फूटभर जागा असताना मी वाकलो. मान खाली घालून, खांदे पाडून, जुन्या मातीच्या घरात शिरावं तसा आत शिरलो.

पायडल थांबलं.

बाबांनी चष्मा काढला. माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. काय झालं ते विचारलं नाही. मीच बोलून गेलो, तेही सगळ्यात आधी हेच. "बाबा, ते पेपरातलं खोटं होतं. मी सहा-सहा नाही. मी साडेतीनच आहे."

बाबा हसले. हसता हसता खोकला लागला. "मले सांगून राहिला? तुही पँट कोन शिवते? सहा-सहाच्या मानसाले पंचेचाळीसची पँट पुरते का? नडगी उघडी पडन त्याची."

उंचीबद्दल मी इतकी वर्षं गप्प राहिलो होतो, पण पँटीचं माप खोटं द्यायचं मला कधी सुचलंच नव्हतं. दरवर्षी मीच त्यांना खरं सांगत आलो होतो.

"मंग दार काहून येवढं?" इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून गावची बोली आपसूक आली.

बाबांनी सुईतला दोरा दातानं तोडला. "जितून येनारा कोन्त्याही दारातून ताठच येते. त्याले कायले पायजे मोठं दार? तू हरून येशील, त्या दिवसासाठी बनवलं होतं." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तरी वाकलाच लेका. वीतभर अजून सोडाले पायजे होतं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही. आई मंडईतून आली ती पिशवी टाकून माझ्या गळ्यात पडली, कारण बसल्यावरच मी तिच्या हाताला येतो. रडणं ओसरल्यावर बाबा उठले, गळ्यात टेप अडकवला आणि गिऱ्हाइकाला म्हणतात तसं मला म्हणाले, "चाल, ट्रायल बाकी आहे. बाहेर जा. पुन्ना ये."

मी बाहेर गेलो आणि पुन्हा आत आलो. लंगडत, पण ताठ.

नंतर महिनाभरानं मला कोइम्बतूरच्या एका शाळेत कोचची नोकरी मिळाली आणि मी पुन्हा निघालो. जुन्या चेन्नईच्या दोस्तानं जमवून दिली. पर्मनंट आहे, गंमत बघा. इथली भाषा आता झोपेतही येते. पुढच्या तीन मंडया मी चुकवल्या नाहीत, आणि चौथीला बाबा नव्हते. मशीन घरात तशीच आहे. पँटी इथला एक म्हातारा शिंपी शिवतो. तो टेप घेऊन खाली बसला की मी आपोआप खांदे मागे ओढतो, आणि तो आकडा बोलायच्या आत माझे डोळे भरून येतात. त्याला वाटतं, साहेबांचा गुडघा दुखतो.

तर आईचा फोन. ती आता घरात एकटीच असते. यंदा थंडी फार पडली म्हणाली, मिस्त्री विचारून गेला, वरची दोन फूट जागा विटांनी बुजवून देऊ का. मी नको म्हणणार होतो. पण वारा तिला लागतो, मला नाही. म्हटलं, "बुजवून घे आई. मी येईन तेव्हा वाकेन थोडा."

तिच्या मागे भोंग्यावर कुठलं तरी गाणं चाललेलं ऐकू येत होतं.

"थंडी तं लागते रे," ती म्हणाली. "पन राहू दे. तुहा काय भरोसा, कधी हरून येशील."