बायकोचं लायसन

आमच्या नेरुळच्या सोसायटीत बऱ्याच बायकांकडे गाडीचं लायसन आहे, गाडी मात्र येत नाही. एजंटला गाठलं की लायसन घरपोच. ते काढतात नवरे, स्वतःच्या सोयीसाठी. पिऊन परतताना पुढे नाकाबंदी दिसली की अलीकडेच गाडी थांबवायची आणि बायकोला स्टिअरिंगवर बसवायचं. ती शुद्धीत असते, मशीनमध्ये फुंकर मारते, पोलीस सोडून देतात. पुढच्या वळणावर साहेब पुन्हा आपल्या जागी. या हुशारीचं कौतुक मी लिफ्टमध्ये ऐकलंय, सत्यनारायणाच्या प्रसादाला बसूनही ऐकलंय. दर वेळी डोकं फिरायचं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लायसन तिच्या नवऱ्याने असंच काढून आणलं. तो ऐरोलीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती एका खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवायची. बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर सरकारी शाळेत तिची निवड झाली होती. फक्त पोलीस पडताळणी बाकी होती.

तेवढ्यात गटारी आली. करावेला बहिणीच्या नवऱ्याच्या मित्राकडे मटणाचं जेवण होतं, मलाही ओढून नेलं. बायका भाकऱ्या थापत होत्या आणि पुरुष दुपारभर पीत बसले होते. उद्यापासून श्रावण, म्हणून आज सगळं वसूल करायचं! निघताना मी म्हटलं, रिक्षा करू या.

"ताई, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "आपली ड्रायव्हर आहे की सोबत."

गाडी त्यानेच काढली. मी मागे जीव मुठीत धरून बसले होते. पुढे पोलिसांचे बॅरिकेड दिसताच त्याने गाडी कडेला घेतली आणि बहिणीला उतरवलं.

"अहो, मला येत नाही," ती म्हणाली.

"तिथपर्यंत तर न्यायचीय. मी गिअर टाकून देतो, तू फक्त क्लच सोड."

तिने क्लच सोडला. गाडी उसळली, ती घाबरली आणि ब्रेक समजून तिने ॲक्सिलरेटर दाबला. रांगेत थांबलेल्या स्कूटरवाल्याचा पाय मोडला. त्याचं ओरडणं अजून माझ्या कानात आहे.

मशीनमध्ये बहिणीने फुंकर मारली, आकडा शून्य. शेजारी तिचा नवरा भपकारे सोडत उभा. मी हवालदाराला म्हटलं, यांना फुंकायला लावा.

"बाजूला बसून प्यायल्याचा गुन्हा नाही होत, मॅडम," तो म्हणाला. "चालवत असते तर आत घेतलं असतं."

दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. वर लायसनवर गदा. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं, म्हणून तर त्याने सीट बदलली. कायदा शिकायचा तो पाळायला नव्हे, बायकोच्या आड लपायला! आणि शुद्धीत असलेल्या माझ्या बहिणीवर गुन्हा लागला, बेदरकारपणे गाडी चालवून माणसाला जखमी केल्याचा.

पोलीस स्टेशनात मी साहेबांना खरं ते सांगितलं. त्यांनी बहिणीला विचारलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"करावेपासून मीच चालवत होते," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला फाडून खाल्लं. ती म्हणाली, "त्यांना परदेशी पाठवणारेत, ताई. व्हिसाला अडचण नको."

"आणि तुझी नोकरी?"

पुढे वकीलही त्यानेच आणला. गुन्हा कबूल केला की दंडावर भागेल, हेलपाटे वाचतील, असं ठरलं. कुणी ठरवलं हे वेगळं सांगायला नको. कोर्टात तिने "कबूल" म्हटलं, ते पुढच्या बाकापर्यंतसुद्धा नीट पोचलं नाही. पडताळणीत तो गुन्हा निघालाच. सरकारी शाळेने तिच्या जागी दुसरीला घेतलं. खासगी शाळेची नोकरी ती आधीच सोडून बसली होती.

परवा दोघं माझ्याकडे चहाला आले. त्याचा व्हिसा झाला होता, पेढे आणले होते. मी पेढ्याला हात लावला नाही.

"ताई, हिचं लायसन सस्पेंड झालंय," तो हसत म्हणाला. "येत्या गटारीच्या आत तुमचं काढून टाकू."

मला वाटलं, आता तरी ही तोंड उघडेल. तिने उघडलंही.

"काढ गं, ताई," ती म्हणाली. "पण आधी शिकून घे."